पावसात गाडी पुन्हा पुन्हा बंद पडते? कार्बोरेटर उघडण्याआधी टाकीचं झाकण बघा

पाली ते रत्नागिरी, जाऊन-येऊन रोजचे चाळीसेक किलोमीटर. गाडी म्हणजे बाबांची मोटरसायकल, २००९ सालची, १०० सीसी, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग तो कार्बोरेटर). एप्रिल-मेमध्ये अर्ध्या किकला चालू होणारी ही गाडी मृग लागला की आजारी पडायची. पाऊस सुरू झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस काही नाही. मग एके सकाळी वाटेतलं हातखंबा सोडलं की गचके द्यायला लागायची. रेस दिली तरी उचलायची नाही, उलट जितकी जास्त रेस द्यावी तितकी गुदमरायची. आणि मग भर पावसात, रेनकोटच्या आत घामाने भिजून, खेडशीच्या दिशेने गाडी ढकलत जायचं.

दोन पावसाळ्यांत कार्बोरेटर पाच वेळा उघडला. प्लग तीन बदलले, प्लग कॅप बदलली, एचटी कॉइलही (प्लगला करंट देणारी) नवी टाकली. दर वेळी गाडी बरी झाली आणि दर वेळी आठ-दहा दिवसांत तेच दुखणं परत. ज्यांच्या गाडीचं असंच चाललंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय, कारण शेवटी जे सापडलं त्याला पैसे जवळजवळ लागलेच नाहीत. एक पारदर्शक बरणी, मासेमारीची हातभर लांब, जाड तंगूस आणि रविवारची एक दुपार, एवढंच लागलं.

गॅरेजच्या मेस्त्रींना यात दोष नाही, हे आधीच सांगतो. त्यांच्याकडे गाडी पोचायची तेव्हा मी एवढंच सांगायचो की पावसात बंद पडते. त्यावर त्यांनी जे करायला हवं तेच केलं. आमच्या शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. पाचव्यांदा कार्बोरेटर साफ करून आणला त्या संध्याकाळी ते अंगणात आले आणि विचारलं, "बंद पडली तेव्हा तू काय बघितलंस?"

"काय बघणार काका, पाऊस पडत होता."

"मग बिघाड तिथेच रस्त्यावर राहिला की रे. गॅरेजात तू नुसती गाडी नेलीस."

ते वाक्य मनात बसलं. पुढच्या वेळी गाडी बंद पडायची मी जवळजवळ वाटच बघत होतो.

बंद पडते त्या पाच मिनिटांत काय बघायचं

इंजिन बंद पडायची कारणं ढोबळमानाने दोनच: पेट्रोल नाही किंवा करंट नाही. हवा हे तिसरं, त्याबद्दल पुढे दोन ओळी लिहिल्यात. यातलं नेमकं काय, ते बंद पडल्या-पडल्या कळतं. अर्ध्या तासाने, गाडी थंड होऊन पुन्हा चालू झाली की पुरावा गेला.

कशी बंद पडली ते आठवा. चालत्या गाडीची चावी कोणी फिरवावी तशी एका क्षणात गप्प झाली असेल तर बहुतेक करंट. दम लागल्यासारखी, गचके खात, हळूहळू विझली असेल तर बहुतेक पेट्रोल. बहुतेक म्हणतोय, कारण ओल्या प्लग कॅपमधून करंट झिरपत असला तरी गाडी गचके देते. म्हणून नुसत्या लक्षणावर थांबू नये.

गाडी बाजूला सुरक्षित जागी, शक्यतो आडोशाला घ्या. पहिलं काम, टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. फुस्स असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर ते वेगळं दुखणं, त्याकडे नंतर येतो.

दुसरं काम, कार्बोरेटरच्या अगदी खालच्या बाऊलला, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीला, एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. तो दीड-दोन आटे सैल केला की बाऊलमधलं पेट्रोल खालच्या तोटीतून बाहेर येतं. त्याखाली पाण्याची छोटी पारदर्शक बाटली धरा. पेट्रोल गरम इंजिनवर किंवा सायलेन्सरवर सांडू देऊ नका. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू असताना धार लागून ती चालूच राहिली तर टाकीतून माल येतोय. चार थेंब पडून धार थांबली तर वाट कुठेतरी अडली आहे. आणि जे पडलं ते उजेडात धरून बघा.

मी बघितलं ते असं. बाटलीत बोटभर पेट्रोल, त्याच्या तळाशी साबुदाण्याएवढे स्वच्छ थेंब. बाटली तिरकी केली की ते थेंब तळावरून पळत जायचे, एकमेकांना भेटायचे आणि एक व्हायचे. पेट्रोल वर शांत. ते पाणी होतं. शंका असेल तर घरी आल्यावर तळातला थेंब तळहातावर घेऊन बघा. पेट्रोल थंडगार लागतं आणि बघता बघता उडून जातं, पाणी तिथेच बसून राहतं. नंतर हात साबणाने धुवा.

बाऊलमध्ये पाणी नसेल, धारही नीट असेल, तर करंटकडे वळा. ड्रेन स्क्रू घट्ट करा, बाटली बंद करून लांब ठेवा, सांडलेलं पेट्रोल पूर्ण वाळू द्या. मग प्लग काढून तो कॅपमध्येच ठेवा आणि त्याचा धातूचा आटा इंजिनच्या हेडला टेकवून किक मारा. प्लगच्या भोकापासून तो लांब टेकवायचा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. ठिणगी निळी आणि ठसठशीत हवी. प्लग हाताने धरू नका, झटका चांगला बसतो. आणि प्लग हेडला न टेकवता नुसती किक मारत राहू नका, करंटला जायला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाऊ शकतो.

साफ केल्यावर बरी होते, यातच उत्तर होतं

बाऊलमध्ये पाणी सापडलं आणि माझ्या डोक्यात दोन वर्षांची गाठ सुटली. कार्बोरेटर साफ करताना मेस्त्री बाऊल रिकामा करायचे. म्हणजे पाणी निघून जायचं, म्हणून गाडी चालायची. जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) साफ झाल्यामुळे चालते असं आम्हाला वाटत होतं. बाऊलमध्ये पेट्रोल मावतं चार-पाच चमचे. त्यातलं पाणी काढलं तरी टाकीतलं पाणी टाकीतच.

टाकीत पाणी तळाशी बसतं, कारण एक लिटर पेट्रोल भरतं पाऊण किलोच्या आसपास आणि एक लिटर पाणी एक किलो. आता कॉक काढून बघितलात तर टाकीच्या आत त्याला एक उभी नळी दिसते. कॉक 'ऑन'वर असताना पेट्रोल त्या नळीच्या वरच्या टोकातून जातं, रिझर्व्हला केल्यावर अगदी तळातून. म्हणून थोडं पाणी असेपर्यंत गाडीला काही कळत नाही. पाण्याची पातळी वाढली, खड्ड्यात गाडी आदळून सगळं ढवळलं, किंवा पेट्रोल संपत आलं म्हणून रिझर्व्हला टाकली, की पाणी खाली उतरतं. तुमची गाडी 'रिझर्व्हला आली की मिसिंग करते' अशी असेल तर टाकीच्या तळाबद्दल आधी संशय घ्या.

पूर्वी टाकीत थोडं पाणी गेलं तर ते नुसतं तळाशी पडून राहायचं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, २०२५ पासून देशभर बहुतेक पंपांवर २० टक्क्यांचं मिश्रण आहे. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. थोडं पाणी ते स्वतःत सामावून घेतं आणि गाडी ते जाळूनही टाकते. पण एका मर्यादेपलीकडे पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी येऊन बसतं. म्हणजे आत पाणी गेलं दोन चमचे आणि तळाचा थर मात्र त्याहून कितीतरी मोठा. हा थर कधी कधी गढूळ दिसतो, त्यात सुटे थेंब दिसत नाहीत. बरणी दहा मिनिटं स्थिर ठेवली की मधली रेघ दिसते. ती रेघच शोधायची.

पाणी येतं कुठून

पहिला संशय सगळ्यांचा पंपावर जातो. माझाही गेला. तीन वेगवेगळ्या पंपांवर भरून बघितलं, फरक शून्य. शिवाय पंपाच्या पेट्रोलमध्ये पाणी असेल तर त्याच दिवशी भरलेल्या इतर गाड्याही रडतात. माझ्या एकट्याचीच गाडी, फक्त पावसात, आणि दर आठ-दहा दिवसांनी. यातून पाणी माझ्याच टाकीत वरून जातंय एवढाच अर्थ निघत होता.

टाकीचं झाकण ज्या खळग्यात बसतं तो खळगा नीट बघा. ज्या गाड्यांचं झाकण टाकीच्या पृष्ठभागाशी सपाट असतं, त्यात झाकणाभोवती बशीसारखी खोलगट जागा असते. पावसाचं पाणी तिथे साचणारच, म्हणून त्या जागेत एक बारीक भोक ठेवलेलं असतं, आगकाडीच्या गुलाएवढं. तिथून एक नळी टाकीच्या पोटातून खाली जाते आणि पुढे रबरी नळीतून इंजिनच्या मागे जमिनीकडे सुटते. खळग्यातल्या पाण्याचा निचरा तो एवढाच. ज्यांचं झाकण टाकीच्या वर उचललेलं असतं त्या गाड्यांना ही नळी नसते, त्यांनी थेट झाकणाच्या रबरी वायसरकडे लक्ष द्यावं.

काकांनी मला चाचणी सांगितली ती अशी. झाकण बंद ठेवून खळग्यात अर्धी वाटी पाणी ओता आणि खाली फरशीकडे बघा. नळी मोकळी असेल तर काही सेकंदांत पाणी खाली सांडायला लागतं. (ही चाचणी टाकी रिकामी करणार असाल त्याच दिवशी करा, का ते आता कळेलच.)

माझ्या गाडीत पाणी बशीत राहावं तसं राहिलं. खाली फरशी कोरडी. मी काकांकडे बघितलं, काका म्हणाले, "थांब, हलवू नको." पाच-सात मिनिटांनी बघतो तर खळग्यातलं पाणी उतरलं होतं, अर्ध्याहून कमी राहिलं होतं. वाकून खाली हात फिरवला. फरशी तशीच कोरडी. पाणी बाहेर गेलं नव्हतं, म्हणजे ते गेलं कुठे हे सांगायला लागलं नाही. दोन वर्षं दर पावसात हेच चाललं होतं. रात्री अंगणात उभ्या गाडीवर पाऊस पडायचा, खळगा भरायचा आणि थेंब थेंब करत टाकीत उतरायचा.

नळी कशी मोकळी केली

आधी टाकीचं रेक्झिनचं कव्हर काढलं. बाबांनी हौसेने बसवलेलं होतं, काढताना वाईट वाटलं, पण खालची अवस्था बघून पुन्हा बसवलं नाही. कव्हरच्या आतला फोम वर्षानुवर्षं ओला होऊन कुजला होता. त्याचा काळा भुगा आणि तांबडी माती यांचा लगदा होऊन निचऱ्याच्या भोकावर बसला होता. कव्हरची कड तर भोकाच्या निम्म्यावर आली होती. तुमच्या टाकीला कव्हर असेल तर या पावसाळ्यात एकदा तरी ते उचलून बघा.

भोक टूथब्रशने आणि पाण्याने साफ केलं, तरी पाणी उतरेना. मग मासेमारीची जाड तंगूस वरून हळूहळू सरकवली. साधारण वीतभर गेली आणि अडली. खालून नळीचं टोक शोधायला गाडीच्या बाजूला आडवं व्हावं लागलं. टोक मडगार्ड आणि इंजिनच्या मध्ये लपलेलं होतं, आणि त्यात सिमेंट भरावं तशी टणक माती. कुंभारमाशीचं घर होतं ते. भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत चिखलाची घरं करते तीच ही माशी. बारीक नळीचं तोंड दिसलं की ते तिला आयतंच सापडतं. उन्हाळ्यात गाडी चार दिवस एका जागी उभी राहिली की पुरे. माझ्या नळीत वरून फोम आणि खालून माती, दोन्ही बाजूंनी बूच बसलं होतं.

माती पाण्याने मऊ केली, टाचणीने कडेकडेने उकरली. मग खालच्या टोकाला सायकलचा पंप लावून दोन-चार दणके दिले, वर झाकणाच्या खळग्यावर ओलं फडकं धरून. काळा लगदा फडक्यावर आला. पुन्हा वाटीभर पाणी ओतलं, आणि या वेळी फरशीवर टपटप आवाज आला. काकांनी नुसती मान हलवली.

या कामाला लोखंडी तार किंवा छत्रीची काडी वापरू नका. टाकीच्या आतून जाणारा नळीचा भाग पत्र्याचा असतो, जुन्या गाडीत तो आतून गंजलेला असू शकतो. त्याला भोक पडलं की निचऱ्याचं पाणी थेट पेट्रोलमध्ये. ती नळी आधीच सडलेली आहे का हे ओळखायची खूण अशी, की टाकी भरल्यावर निचऱ्याच्या रबरी नळीतून पेट्रोल ठिबकतं किंवा तिच्या तोंडाशी वास येतो. तसं असेल तर तो घरचा उद्योग नाही. पेट्रोलच्या टाकीला, रिकाम्या असल्या तरी, ओळख नसलेल्याकडून वेल्डिंग करून घेऊ नका. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो.

निचरा बंद असला तरी पाणी टाकीत का शिरलं? कारण झाकणाचं रबरी वायसरही म्हातारं झालं होतं. नखाने दाबलं तर दबत नव्हतं आणि कडेला बारीक चिरा होत्या. नळी मोकळी असती तर पाणी साचलंच नसतं आणि वायसर चाललं असतं. वायसर चांगलं असतं तर साचलेलं पाणी बाहेरच राहिलं असतं. दोन्ही एकदम गेल्यावर हा आजार होतो, म्हणून दोन्ही बघा. वायसर सुटं मिळालं तर उत्तम, नाहीतर झाकणासकट घ्यावं लागतं. त्याऐवजी एम-सील किंवा सिलिकॉन थापायचा मोह टाळा. पेट्रोलमध्ये त्याचे तुकडे सुटतात आणि झाकणातलं हवेचं भोकही बुजतं.

टाकी रिकामी करताना

नळी आणि वायसर दुरुस्त केलं तरी आत आधीच असलेलं पाणी काढावंच लागतं. हे काम मोकळ्या जागी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. पडवीत, चुलीजवळ, गॅस चालू असलेल्या स्वयंपाकघराच्या दाराशी, समई किंवा उदबत्ती पेटलेली असताना अजिबात नको. मुलांना लांब ठेवा. जवळ वाळूची बादली ठेवा.

कॉक बंद करून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी काढा, ती पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडा आणि कॉक रिझर्व्हवर करा. 'ऑन'वर ठेवलंत तर उभ्या नळीच्या टोकाखालचं सगळं आतच राहील, आणि आपल्याला नेमकं तेच काढायचंय. धार संपली तरी तळाशी थोडं राहतं. त्यासाठी टाकी उतरवावी लागते. सीट काढायची, टाकीचा मागचा बोल्ट खोलायचा, पेट्रोलच्या काट्याची वायर सोडवायची आणि टाकी मागे ओढून उचलायची, पुढे ती नुसत्या रबरांवर बसलेली असते. मग कॉक काढून उरलेलं ओता. माझ्या टाकीतून सगळं मिळून चहाचा एक कप भरेल एवढं गढूळ पाणी निघालं. त्यात तांबडी पूड होती.

ती पूड म्हणजे गंज. तळाशी पाणी राहिलं की टाकीच्या जोडाजवळचा पत्रा खायला लागतो आणि ही पूड कार्बोरेटरच्या पायलट जेटमध्ये जाऊन बसते. मग पाणी काढून टाकल्यावरही गाडी स्लोला, म्हणजे रेस न देता, टिकत नाही. थोडी पूड असेल तर दोनदा स्वच्छ पेट्रोलने खळबळून टाकी उन्हात उघडी वाळवली की पुरे. पापुद्रे निघत असतील तर रेडिएटर-टाकीचं काम करणाऱ्याकडून आतून साफ करून घ्या. कॉक आणि कार्बोरेटरच्या मध्ये साधा पारदर्शक फिल्टर बसवला की पुढे काय येतंय ते दिसतं. काढलेलं पेट्रोल गटारात किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका. गॅरेजवाले सुटे भाग धुवायला ते घेतात.

शेवटी कार्बोरेटर एकदा मनापासून साफ करा, आता त्याचा उपयोग आहे. बाऊलचे स्क्रू नीट बसणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरनेच काढा, डोकं झिजलं की पुढचं सगळं अवघड होतं. जेटच्या भोकात तार घालू नका, हवा मारा. एअर स्क्रू (हवेचं प्रमाण ठरवणारा) काढायचाच असेल तर आधी तो हळूच पूर्ण आत फिरवून किती आटे होते ते मोजून लिहून ठेवा.

झाकणाचं दुसरं दुखणं

मघाशी तो फुस्स आवाज राहिला होता. टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक वाट असते. ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी दहा-पंधरा किलोमीटर छान चालते, मग दम सोडते. दहा मिनिटं थांबलं की हवा कशीबशी शिरते, बाऊल भरतो, गाडी पुन्हा चालू. लोक याला 'गरम झाली की बंद पडते' म्हणतात आणि कॉइल बदलतात. बंद पडली की झाकण उघडा. फुस्स झालं आणि लगेच दोन किकमध्ये चालू झाली, तर दुसरं काही शोधू नका. झाकण काढून हवेची वाट पेट्रोलने धुवा आणि फुंकर मारा. पावसात टाकीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. पाणी अडतं, पण हवाही अडते. रात्री उभ्या गाडीवर बांधा, चालवताना सोडा.

पेट्रोल ठीक असेल तर

करंट झिरपतोय का हे दिवसा दिसत नाही. रात्री अंगणातला दिवा बंद करा, गाडी स्लोला चालू ठेवा आणि झाडांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने प्लग कॅप, त्याची वायर आणि कॉइल यांवर थोडं थोडं पाणी उडवा. झिरपत असेल तर अंधारात निळसर ठिणग्या वायरवरून इंजिनकडे उडताना दिसतात, टिक् टिक् आवाज येतो आणि इंजिन अडखळतं. जिथे ठिणगी दिसली तोच भाग बदलायचा, अंदाजाने चार भाग बदलायचे नाहीत. पुष्कळदा वायरचं टोक फक्त हिरवं पडलेलं असतं. तेवढं अर्धा सेंटिमीटर कापून कॅप पुन्हा पिळून बसवली की काम होतं. फवारा मारताना हात ओले ठेवून वायरला लावू नका.

पाणी न मारताच, गाडी तापल्यावर ठिणगी गायब आणि थंड झाल्यावर हजर, असं असेल तर पल्सर कॉइल (ठिणगी कधी पडायची त्याचा इशारा देणारी) किंवा सीडीआय तपासून घ्या. ते मीटर असलेल्या मेस्त्रीचं काम.

हवेचं एवढंच. फिल्टर भिजला की गाडी जड चालते, काळा धूर देते, प्लग काजळतो. कागदी फिल्टर भिजून लगदा झाला असेल तर नवा टाका. फिल्टरच्या डब्याखालीही एक निचऱ्याची नळी असते, तीही बघा.

ज्यांची गाडी एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ (प्रदूषणाचा नवा निकष), फ्युएल इंजेक्शनवाली आहे, त्यांना कार्बोरेटर नाही, पण टाकीचं झाकण, खळगा आणि निचरा आहेच. वाटीभर पाण्याची चाचणी त्यांनीही करावी, पण टाकी रिकामी करून घेणार असतील त्याच दिवशी. फक्त पाणी आत गेल्याचं लक्षात आलं तर घरी नळ्या सोडू नयेत. पंप टाकीच्या आत असतो, नळीत दाब असतो, आणि पाण्याने पंप व इंजेक्टर दोन्ही खराब होतात. गाडी चालू न करता टाकी रिकामी करून घ्यावी.

आता काय करतो

मेच्या शेवटी झाकणाच्या खळग्यात वाटीभर पाणी ओतून खाली पडतं का ते बघतो. रबरी नळीच्या टोकाला पातळ जाळीचा तुकडा बांधलाय, माशी शिरत नाही आणि पाणी अडत नाही. गाडी धुताना प्रेशरचा पाइप झाकणावर मारू देत नाही. रात्री गाडी मेन स्टँडला लावतो, कारण साइड स्टँडवर ती डावीकडे कलते आणि माझ्या गाडीत निचऱ्याचं भोक उजव्या अंगाला आहे, पाणी तिथपर्यंत चढतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांनी बाऊलचा ड्रेन स्क्रू सैल करून चमचाभर पेट्रोल बरणीत बघतो. गेल्या पावसाळ्यात गणपतीपर्यंत एकदाही रेघ दिसली नाही.

हे सगळं करूनही गाडी बंद पडली, तर मेस्त्रींकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: किती किलोमीटरवर बंद पडली, एकदम की गचके खाऊन, ड्रेन स्क्रूतून धार आली की नाही आणि त्यात काय दिसलं, त्या वेळी प्लगला ठिणगी होती की नव्हती. आणि ती बरणी सोबत न्या. आमच्या मेस्त्रींनी माझी बरणी उजेडात धरली, तळाची रेघ बघितली आणि दुकानातल्या पोराला हाक मारून म्हणाले, "अरे, ती कालची गाडी उघडू नको अजून. आधी तिच्या टाकीवर पाणी ओतून बघ."